सायकलस्वार स्थिर, रस्ता धावता

रविवारी सकाळी सिंहगडाच्या वाटेवर सायकलवाल्यांची रीघ लागते. पॅनिंग शिकायला याहून चांगली जागा नाही, आणि गर्व उतरवायलाही! शंभरदा बटण दाबावं तेव्हा माझे चारपाच फोटो दाखवण्याजोगे निघतात. बाकीच्यांत सायकलवाल्याचं भूत झालेलं असतं.

पॅनिंग म्हणजे शटर, म्हणजे क्षणभर उघडून प्रकाश आत सोडणारा कॅमेऱ्याचा पडदा, मुद्दाम सावकाश ठेवायचं आणि धावत्या गोष्टीबरोबर कॅमेरा वळवत फोटो काढायचा. 1/1000 सेकंदाला टिपलेली सायकल रस्त्यात उभी केल्यासारखी दिसते. चाकाची तार न् तार मोजून घ्या, वेग मात्र गायब. 1/30 ला कॅमेरा तिच्याबरोबर वळवला, तर स्वार रेखीव येतो आणि मागची झाडं, पाट्या, चहाची टपरी यांच्या आडव्या रेघा होतात.

थोडा हिशोब करू. ताशी 18 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 5 मीटर. सायकल 5 मीटर अंतरावरून जात असेल, तर ती अगदी समोर येते तेव्हा कॅमेरा सेकंदाला सुमारे 57 अंश या गतीने वळायला हवा. 1/30 सेकंदात तो जेमतेम 2 अंश वळतो. फुल फ्रेम (जुन्या फिल्मएवढा मोठा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर 50 मिलिमीटरच्या लेन्सला आडवं सुमारे 40 अंश दिसतं, म्हणजे पार्श्वभूमी फ्रेमच्या विसाव्या भागाइतकी फरफटते. हात दहा टक्के चुकला, तर स्वार पार्श्वभूमीच्या त्या फरफटीच्या दहाव्या हिश्शाने फरफटतो. ऐकायला किरकोळ, पण त्याच्या चेहऱ्यावर मोजलं तर ते जवळपास 2 सेंटिमीटर भरतं. डोळे-नाक एकमेकांत मिसळायला तेवढं पुरतं.

मग चारपाच तरी फोटो जमतात कसे? भूमितीच्या कृपेने. लांबून येणारी सायकल सावकाश सरकतेय असं वाटतं आणि समोर आली की सप्पकन निघून जाते. आपल्या दृष्टीने तिचा वळण्याचा वेग, म्हणजे कोनीय वेग, बरोबर समोर सगळ्यात जास्त असतो. पण टोकाला पोहोचलेली गोष्ट टोकाजवळ फारशी बदलत नाही. समोरच्या जागेपासून मागेपुढे 1 मीटरपर्यंत हा वेग फक्त 4 टक्क्यांनी उतरतो. म्हणजे 2 मीटर रस्ता, 0.4 सेकंद एवढी सवलत मिळते. बटण दाबायचं ते तिथेच. पावलं त्या जागेकडे तोंड करून रोवायची, कोपरं अंगाला लावायची, वळायचं ते कमरेतून, आणि शटर पडल्यावरही थांबायचं नाही. चेंडूला लागल्यावर बॅट तरी कुठे थांबते?

भर दुपारी मात्र हा नाद सोडावा. कडक उन्हात आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता, 100 इतकी कमी ठेवूनही 1/30 ला फोटो पांढराफटक पडतो, लेन्सचं छिद्र एफ/22 इतकं बारीक केलं तरी पुरत नाही.

नजर स्वाराच्या एकाच जागी, मी हेल्मेटवर ठेवतो. त्यालाही कारण आहे. समोरच्या कोऱ्या भिंतीवर डोळे डावीकडून उजवीकडे संथ फिरवून पाहा. जमणार नाही, ते टप्प्याटप्प्याने उड्या मारतील. पाठलाग करायला काही हलतं मिळालं की तेच डोळे तेलासारखे सरकतात. हात त्या नजरेच्या मागे जातो.

चाकांची गंमत वेगळीच. रस्त्यावर लोळणाऱ्या चाकाचा जमिनीला टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असतो आणि वरचा सायकलच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो. त्यामुळे कॅमेरा न हलवता सावकाश शटरने काढलेल्या फोटोत चाकाच्या खालच्या तारा ओळखू येतात, वरच्या पुसून जातात. पॅनिंगमध्ये कॅमेरा सायकलबरोबर चालतो, म्हणून सगळं चाक सारखंच धूसर होतं. नुसता चाकाचा तुकडा दाखवला तरी फोटो कसा काढला ते सांगता येतं.

बिघडलेल्या पॅनिंगचा सगळ्यात प्रसिद्ध नमुना फ्रान्समधला आहे. 1910च्या दशकात फोटोग्राफर झाक आंरी लार्तिग यांनी फ्रेंच ग्रां प्री या मोटारशर्यतीतली एक गाडी टिपली. चाकं लंबगोल होऊन पुढे झुकलेली, प्रेक्षक मागे कललेले. त्यांच्या कॅमेऱ्याच्या शटरची फट फोटो उमटायच्या काचेवरून सरकत जायची, त्यामुळे दृश्याचा खालचा भाग आधी आणि वरचा नंतर उमटला. त्यातच कॅमेरा गाडीपेक्षा सावकाश वळला. वरचा भाग उमटेपर्यंत फ्रेममध्ये गाडी पुढे गेली आणि प्रेक्षक मागे पडले. मला तो फोटो नीट जमला असता त्यापेक्षा असाच जास्त वेगवान वाटतो.

आजच्या फोनचा सेन्सरही चित्र ओळीओळीने वाचतो. फोन झटक्यात वळवून व्हिडिओ काढा, विजेचे खांब तसेच तिरके होतात.