मूल परदेशात नेलं आणि परत आणलं नाही: हेग करारानुसार अर्ज करताना कुठे अडतं

एका पालकाने दुसऱ्याला न विचारता मूल परदेशात नेलं, किंवा सुट्टीसाठी म्हणून नेलं आणि परत आणलंच नाही, तर १९८० च्या हेग करारानुसार ते परत पाठवण्याची मागणी करता येते. हरवलेल्या आणि पळवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेत आम्ही पालकांना हे अर्ज भरायला मदत करतो. अर्ज अवघड नाही. हातची केस जाते ती बहुतेक वेळा उशिरामुळे, आणि तो उशीर गैरसमजातून होतो.

अर्ज कोणाला करता येतो

मूल १६ वर्षांखालचं हवं. नेण्याआधी ते ज्या देशात कायम राहत होतं आणि आता जिथे आहे, त्या दोन्ही देशांत करार लागू हवा. मुलाचा पासपोर्ट कुठला, याने फरक पडत नाही. एक देश करारात नंतर सामील झाला असेल, तर दुसऱ्याने त्याला मान्यता दिली आहे का, हेही बघा. भारत या करारात नाही. मूल भारतात आणलं असेल किंवा भारतातून नेलं असेल, तर हा अर्ज चालत नाही. मूल जिथे आहे तिथल्या कोर्टातच जावं लागतं. भारतात त्यासाठी हायकोर्टात हेबियस कॉर्पस याचिका, म्हणजे मुलाला कोर्टापुढे हजर करा अशी मागणी करणारी याचिका, करतात.

एक वर्षाची मुदत

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. वर्षाच्या आत प्रकरण सुरू झालं असेल, तर मूल परत पाठवण्याचा आदेश देणं हा नियम आहे. वर्ष उलटलं की समोरच्याला ‘मूल आता इथे रुळलंय’ असं म्हणायला जागा मिळते. पण हे वर्ष कधी थांबतं? तुम्ही आपल्या देशातल्या केंद्रीय प्राधिकरणाकडे, म्हणजे या करारासाठी नेमलेल्या सरकारी कार्यालयाकडे, अर्ज दिलात त्या दिवशी नाही. मूल ज्या देशात आहे, तिथल्या कोर्टात प्रकरण दाखल होईल त्या दिवशी. मधल्या काळात फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत असते, भाषांतरं व्हायची असतात, तिकडे वकील नेमायचा असतो. अकराव्या महिन्यात आलेल्या माणसाला ‘अजून वेळ आहे’ असं सांगणारे कारकून आहेत, आणि त्याचा मला मनापासून राग येतो. प्राधिकरणाची वाट न पाहता थेट तिकडच्या कोर्टात जायचीही करारात मुभा आहे.

सुट्टीसाठी नेलेल्या मुलाच्या बाबतीत वर्ष साधारणपणे ठरलेल्या परतीच्या तारखेपासून मोजतात. म्हणून परतीच्या तिकिटाची प्रत जपून ठेवा.

कस्टडीची ऑर्डर नसेल तर

बहुतेकांकडे ती नसतेच, कारण तोवर घर एकत्र असतं. मग ‘आधी कस्टडी मिळवतो, मग अर्ज करतो’ म्हणून लोक महिनेच्या महिने घालवतात. असं करू नका. मूल नेलं त्या वेळी तुमच्या देशाच्या कायद्याने तुम्हाला ताब्याचा हक्क होता का आणि तुम्ही तो बजावत होता का, एवढंच बघतात. हा हक्क विवाहित आईवडिलांना बहुधा आपोआप असतो. लग्न न झालेल्या वडिलांना तो काही देशांत नसतो. त्यांनी आधी वकिलाला विचारावं. कायदा काय म्हणतो, याचं प्रमाणपत्र किंवा प्रतिज्ञापत्र जोडता येतं.

बाकी कागद नेहमीचे: जन्मदाखला, विवाह प्रमाणपत्र, मुलाचा आणि नेणाऱ्या पालकाचा अलीकडचा फोटो, शाळेचे आणि डॉक्टरांचे कागद, प्राधिकरणाला दिलेलं अधिकारपत्र, आणि या सगळ्याचं तिकडच्या भाषेत भाषांतर. अपोस्टिलसाठी, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून घेतात त्या सरकारी शिक्क्यासाठी, खेपा घालू नका. करारात त्याची सक्ती नाही. नेमका पत्ता माहीत नसला तरी अर्ज करा. मूल शोधायला मदत करणं हे प्राधिकरणाचं काम आहे. आजीआजोबांचा पत्ता, जुना फोन नंबर, नातेवाइकांची नावं, जे असेल ते लिहा. हरवलेल्या माणसाच्या शोधासाठी देशोदेशीच्या पोलिसांना जाणारी इंटरपोलची पिवळी नोटीस मात्र पोलिसांमार्फतच निघते, संस्थेकडून किंवा कुटुंबाकडून नाही.

मेसेज जपून करा

‘बरं, राहा अजून महिनाभर, मग बघू.’ भांडण वाढू नये म्हणून रात्री पाठवलेली अशी एक ओळ पुढे कोर्टात छापून येते, आणि तुमची संमती होती म्हणून दाखवली जाते. बोलणी जरूर करा, पण मूल अमुक तारखेला परत आलं पाहिजे, हे प्रत्येक वेळी लिहा.

अर्जात जोडीदाराच्या स्वभावावर पानंच्या पानं लिहू नका. मनात किती साचलेलं असतं ते आम्ही रोज बघतो. पण हे कोर्ट चांगला पालक कोण, हे ठरवत नाही. ते पुढे मुलाच्या मूळ देशातलं कोर्ट ठरवतं. इथे तारखा, प्रवास, शाळा, घर एवढंच लिहा. मात्र परत गेल्यावर मुलाला गंभीर धोका आहे, असा दावा समोरून येऊ शकतो. त्याला उत्तर देणारे कागद आधीच काढून ठेवा.

सहा आठवड्यांत निकाल लागला नाही, तर उशिराचं कारण विचारण्याचा अर्जदाराला हक्क आहे. ते लेखी मागा.

मूल अजून घरीच असेल तर

भीती वाटते आहे तेव्हाच कोर्टाकडून प्रवासबंदी आणि पासपोर्ट जमा करण्याचा आदेश मागा. मुलाला दुसऱ्या देशाचंही नागरिकत्व असेल, तर त्या देशाच्या दूतावासालाही आदेशाची प्रत पाठवा. तिकडून नवा पासपोर्ट निघू शकतो. प्रवासाला संमती देणारच असाल, तर पत्रात देश, जाण्याची आणि परतीची तारीख, मुक्कामाचा पत्ता स्पष्ट लिहा. कोऱ्या कागदावर सही करू नका.