चित्रपटांचे घरगुती स्ट्रीमिंग

चित्रपटाची सगळी फाइल आधी उतरवून न घेता, ती इंटरनेटवरून येत असतानाच संगणकावर किंवा टीव्हीवर पाहण्याची पद्धत. पाहून झालेला भाग यंत्र टाकून देते. पुढचे काही सेकंदांचे चित्रण मात्र आगाऊ आणून ठेवते. या साठ्याला बफर म्हणतात. तो संपला की चित्र थांबते आणि पडद्यावर गोल चक्र फिरू लागते.

इंटरनेटवरून ध्वनी असा ऐकवण्याची सोय ‘रिअलऑडिओ’ या सॉफ्टवेअरने १९९५ मध्ये लोकप्रिय केली. चित्र आले ते नंतर, तेही टपाल तिकिटाएवढे. त्या काळी यासाठी खास प्रकारचे सर्व्हर, म्हणजे फाइली पुरवणारे संगणक, लागत. डीव्हीडी टपालाने घरी पाठवणाऱ्या नेटफ्लिक्सने २००७ मध्ये स्ट्रीमिंग सुरू केले, याची आठवण सगळे काढतात. पण खरे वळण तांत्रिक होते. चित्रपटाचे छोटे तुकडे करून ते साध्या वेबपानांसारखे सामान्य वेब सर्व्हरवरूनच द्यायचे, ही कल्पना मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये आणि ॲपलने २००९ मध्ये आपापल्या पद्धतीने राबवली. २०१२ मध्ये ‘एमपेग-डॅश’ हे आंतरराष्ट्रीय मानकही आले.

या पद्धतीत एकच चित्रपट कमी-जास्त दर्जाच्या अनेक आवृत्त्यांत तयार ठेवतात आणि प्रत्येक आवृत्तीचे साधारण २ ते १० सेकंदांचे तुकडे करतात. पुढचा तुकडा कोणत्या आवृत्तीतला मागवायचा, हे सहसा सर्व्हर ठरवत नाही. प्रेक्षकाच्या घरातला प्लेअर, म्हणजे चित्रपट दाखवणारे ॲप, ठरवतो. मागचा तुकडा किती वेगाने आला आणि बफरमध्ये किती शिल्लक आहे, हे पाहून तो दर्जा वर-खाली करतो. चित्रपट सुरू होताना चित्र धूसर असते आणि थोड्या वेळाने स्वच्छ होते, ते यामुळेच: वेगाचा अंदाज येईपर्यंत प्लेअर जपून पावले टाकतो.

हे सारे शक्य होते ते संपीडनामुळे, म्हणजे चित्रण कमी बिटांत आवळून बसवण्यामुळे. १९२० × १०८० ठिपक्यांचे, सेकंदाला २४ चौकटींचे कच्चे चित्रण दर सेकंदाला सुमारे १२० कोटी बिट व्यापते. तेच चित्रण घरी ५ मेगाबिट (५० लाख बिट) प्रतिसेकंद वेगात, म्हणजे जवळपास २४० पटींनी आवळून आणता येते. एका चौकटीतून दुसरीत जे बदलले, मुख्यतः तेवढेच पाठवायचे, हे त्यामागचे तत्त्व. म्हणून शांत संवादाचे दृश्य सहज निभावते, तर पाऊस, धूर किंवा उधळलेले कागदाचे कपटे यांत चित्राचे चौकोन दिसू लागतात. अंधाऱ्या प्रसंगांत काळ्या रंगाचे पट्टे उमटतात. एच.२६४ (२००३), एचईव्हीसी (२०१३) आणि एव्ही१ (२०१८) या संपीडनाच्या पद्धतींनी तोच दर्जा उत्तरोत्तर कमी बिटांत बसवला. तरी ब्लू-रे तबकडीवर चित्रासाठी ४० मेगाबिट प्रतिसेकंदापर्यंत मुभा असते. मोठ्या पडद्यावर हा फरक दिसतो, कोणी कितीही नाकारले तरी.

मोठ्या सेवा लोकप्रिय चित्रपटांच्या प्रती प्रेक्षकांच्या जवळच्या सर्व्हरवर आधीच नेऊन ठेवतात. त्यामुळे अडचण बहुधा दूरच्या प्रवासात नसते, घरातल्या शेवटच्या काही मीटरमध्ये असते. राउटरशेजारी फोनवर मोजलेला वेग भिंतीला टेकलेल्या टीव्हीपर्यंत पोहोचेलच असे नाही. वाय-फायचा ५ गिगाहर्ट्‌झ पट्टा वेगवान, पण भिंतींपुढे लवकर क्षीण होतो, २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा लांब पोहोचतो, पण त्यावर गर्दी असते. शक्य असेल तिथे सरळ केबल जोडणे हा सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत खात्रीचा उपाय आहे.

संगणक आणि टीव्ही यांत आणखी एक भेद आहे. नक्कल रोखण्यासाठी चित्रपट कूटबद्ध करून, म्हणजे किल्लीशिवाय न उघडणारे कुलूप लावून, पाठवतात. वाइडवाइन, प्लेरेडी आणि फेअरप्ले या त्यासाठीच्या प्रमुख प्रणाली. हे कुलूप उघडण्याची सोय यंत्राच्या हार्डवेअरमध्येच नसेल तर अनेक सेवा दर्जा मुद्दाम कमी ठेवतात. म्हणूनच पैसे तेवढेच भरूनही संगणकाच्या ब्राउझरमध्ये चित्र टीव्हीपेक्षा उणे दिसू शकते, आणि स्क्रीनशॉट घेतला तर काळा चौकोन हाती लागतो. टीव्हीचा दोष वेगळा: तो अधल्यामधल्या चौकटी स्वतःच तयार करून हालचाल गुळगुळीत करतो, आणि चित्रपटाला टीव्ही मालिकेची कळा येते. ही सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करावी. त्याकरिताच २०१९ मध्ये ‘फिल्ममेकर मोड’ ही टीव्हीची तयार सेटिंग जाहीर झाली.

पैशांचे मार्ग तीन: ठरावीक वर्गणी, एका चित्रपटापुरते भाडे किंवा खरेदी, आणि जाहिरातींच्या बदल्यात फुकट. वर्गणीतले चित्रपट हक्कांची मुदत संपली की यादीतून नाहीसे होतात. ‘खरेदी’ केलेला चित्रपटही बहुतेकदा प्रेक्षकाच्या मालकीचा होत नाही, पाहण्याचा परवाना तेवढा मिळतो. कॅलिफोर्नियात २०२५ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार, हा केवळ परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्ट न सांगता विक्रेत्याला ‘खरेदी करा’ असे बटण दाखवता येत नाही. कायमस्वरूपी उतरवून ठेवता येणाऱ्या प्रतींना मात्र ही अट लागू नाही.