लिव्हरचा फायब्रोसिस म्हणजे सिरॉसिस नव्हे

रिपोर्टवर ‘फायब्रोसिस, एफ-2’ दिसलं की घरात लगेच सिरॉसिसची चर्चा सुरू होते. कोलॅजन (वणाचं धागेदार प्रथिन) दोन्हींत साठतं. पण फायब्रोसिस म्हणजे वण किती जमला त्याचा हिशेब, एफ-0 ते एफ-4. शेवटच्या पायरीवर वणाच्या पट्ट्या यकृताचे गाठीगाठींत तुकडे पाडतात, रक्ताच्या वाटा मुरडतात; तो सिरॉसिस. (नाव मात्र रंगावरून पडलं: 1819 मध्ये लेनेकने ग्रीकमधल्या पिवळट-तपकिरीसाठीच्या शब्दावरून ठेवलं.)

निरोगी यकृतात पेशी आणि रक्तवाहिनी यांच्यामधल्या फटीत मऊ, विरळ जाळी असते. तिथल्या ताराकृती पेशी ‘अ’ जीवनसत्त्वाचे थेंब पोटात घेऊन स्वस्थ असतात. दारू, चरबी किंवा हिपॅटायटिस बी-सीमुळे यकृतपेशी मरू लागल्या की ताराकृती पेशी हे थेंब गमावतात, आकसू लागतात आणि जाड कोलॅजन विणतात. वण वाढवायला सांगणारं टीजीएफ-बीटा नावाचं प्रथिन जाळीतच कुलूपबंद असतं. पेशी तिच्या पृष्ठभागावरच्या इंटेग्रिन या पकड-प्रथिनाने जाळी ओढते. मऊ जाळी नुसतीच सोबत येते, ताठ जाळी जागची हलत नाही आणि कुलूप उघडतं. थोडक्यात, जुना वणच नव्या वणाची ऑर्डर देतो.

म्हणून कारण वेळेत काढणं महत्त्वाचं. दारू सुटली किंवा विषाणू गेला की फायब्रोसिसमधलं कोलॅजन बऱ्याच अंशी विरघळतं. सिरॉसिसमध्येही काही प्रमाणात मागे फिरता येतं, पण घट्ट सांधलेल्या पट्ट्या आणि मुरडलेल्या वाटा सहज सुधारत नाहीत. यकृताकडे येणाऱ्या आणि यकृतातून निघणाऱ्या शिरांच्या दाबातला फरक एरवी 5 मिमी (पारा) पर्यंत असतो. 10 च्या पुढे अन्ननलिकेतल्या शिरा फुगण्याचा आणि पोटात पाणी होण्याचा धोका. विषाणू गेला तरी सिरॉसिसवाल्यांची कॅन्सरसाठी दर 6 महिन्यांची सोनोग्राफी चालूच राहते.

फायब्रोस्कॅन ही यकृताची तपासणी वण मोजत नाही, ताठरपणा मोजते; घोळ इथेच होतो. साधारण 7 किलोपास्कलच्या आत ठीक, 12.5 च्या वर सिरॉसिसची शंका (आजारानुसार हद्द थोडी बदलते). किमान 3 तास उपाशी राहून 10 नीट रीडिंग घ्यायची. जेवून आलं, कावीळ चढलेली असली, पित्तनलिका अडली किंवा हृदय कमजोर होऊन यकृतात रक्त तुंबलं, तर वण नसतानाही आकडा फुगतो. कावीळ उतरून रक्तातली यकृताची एन्झाइम खाली आल्यावर तपासणी पुन्हा करावी.