ट्रायथलॉनचे कपडे: हिशेब घामाचा आणि वाऱ्याचा

पाऊस ओसरला की गोव्याच्या ट्रायथलॉनला नाव दिलेल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न हमखास पडतो: ‘गोव्याला काय घालायचं?’ उत्तरही ठरलेलं: ‘ड्राय-फिट घाल. घाम शोषून घेतं, अंग थंड ठेवतं.’ हे इतक्या लोकांनी इतक्या वेळा सांगितलंय की तपासून बघावं असं कुणाला वाटतच नाही. प्रत्यक्षात ड्राय-फिट विणलं जातं तो पॉलिएस्टरचा धागा घाम जवळजवळ शोषत नाही. नेहमीच्या हवेत तो स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्काही ओलावा धरत नाही. सुती धागा सात-आठ टक्के धरतो. ड्राय-फिटमध्ये घाम पसरतो तो धाग्यांमधल्या बारीक फटींतून, केशाकर्षणाने. अंग थंड करण्याचं काम मात्र घामाच्या वाफेचं, आणि ती वाफ उचलून नेणाऱ्या वाऱ्याचं. लांब पल्ल्याच्या शर्यतीत काय घालायचं आणि कुठे बदलायचं, हे हवामानाच्या ॲपवरचं तापमान बघून ठरवू नये, वारा बघून ठरवावं, असं माझं ठाम मत आहे.

ज्यांचा या खेळाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ट्रायथलॉन म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं एकापाठोपाठ. त्यातली पूर्ण आयर्नमॅन म्हणजे ३.८ किलोमीटर पोहणं, लगेच १८० किलोमीटर सायकल आणि त्यावर ४२.२ किलोमीटर धावणं. मुदत साधारण १७ तासांची. १९७८ साली हवाई बेटांवर ही शर्यत पहिल्यांदा झाली तेव्हा १५ जण उतरले आणि १२ जणांनी ती पुरी केली. २०१५ मध्ये मिलिंद सोमण यांनी झुरिचची आयर्नमॅन पूर्ण केली आणि आपल्याकडे हा शब्द घराघरांत पोचला. ऑक्टोबर २०१९ मध्ये पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर पहिल्यांदा अर्ध्या अंतराची शर्यत झाली: १.९, ९० आणि २१.१ किलोमीटर. पोहून सायकलकडे जाताना कपडे-बूट बदलायचा टप्पा लागतो तो टी-वन, सायकलवरून धावण्याकडे जाताना टी-टू. दोन्हीकडे घड्याळ चालूच असतं, म्हणून सगळे तिथे घाईत असतात.

आता उष्णतेकडे येऊ. खाल्लेल्या अन्नातल्या ऊर्जेचा जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा स्नायू कामाला लावतात, उरलेल्याची उष्णता होते. पेडलवर १५० वॅट लावणारा माणूस अंगात पाचशे-साडेपाचशे वॅट उष्णता तयार करत असतो. ७० किलो वजनाचा माणूस ताशी १० किलोमीटरने धावला तर हा आकडा ८०० वॅटच्या आसपास जातो. त्वचेचं तापमान ३५ अंश आणि हवा ३०-३२ अंश, म्हणजे नुसत्या हवेला उष्णता देऊन फारसं भागत नाही. खरी वाट एकच उरते, बाष्पीभवनाची. एक ग्रॅम घामाची वाफ व्हायला सुमारे २,४०० जूल उष्णता लागते. म्हणजे १०० मिलिलिटर घामाची पूर्ण वाफ झाली तर ती अंगातून इतकी उष्णता नेते की ७० किलोच्या माणसाचं तापमान एक अंशाने उतरावं. जेमतेम अर्धा कप घाम! मला हा आकडा कितीही वेळा मांडला तरी नवल वाटतं.

अट एवढीच की वाफ अंगावर व्हायला हवी. हनुवटीवरून टपकलेला थेंब रस्त्यावर सुकला तर ते २,४०० जूल डांबराने दिले, शरीराच्या पदरात काही पडलं नाही. म्हणून ‘आज मस्त घाम निघाला’ याला थंड होण्याच्या दृष्टीने काही अर्थ नाही. सकाळी बागेत प्लास्टिकचा कोट चढवून धावणाऱ्यांना हे कळकळीने सांगायला हवं. त्या कोटात घाम भरपूर येतो, वाफ बाहेर पडत नाही आणि अंग तापत जातं. काट्यावर कमी दिसतं ते पाण्याचं वजन, दोन तांबे पाणी प्यायलं की परत. चरबी घामातून वितळत नाही, आणि मे महिन्यात हा प्रयोग जिवावर बेतू शकतो.

आता माझ्या सगळ्यात आवडत्या भागाकडे येतो. ओल्या त्वचेला लागून हवेचा एक पातळ, जवळजवळ स्थिर थर असतो. घामाची वाफ त्या थरातून पार होऊन मगच बाहेरच्या हवेत जाते. ती किती वेगाने जाईल हे दोन गोष्टींवर ठरतं: आत आणि बाहेर बाष्पाच्या दाबात किती फरक आहे, आणि हा थर किती जाड आहे. अंगणात वाळत घातलेले कपडे कोंदट दिवशी ओलेच राहतात आणि वारा सुटला की तासाभरात वाळतात, ते याच दोन कारणांनी.

आधी दाब पाहू. ३५ अंशाच्या ओल्या त्वचेपाशी बाष्पाचा दाब ५.६ किलोपास्कल असतो. गोव्यात हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर हवेतला बाष्पदाब सुमारे ३.४. फरक २.२. पुण्यात तेच ३० अंश आणि आर्द्रता ४० टक्के असेल तर हवेतला दाब १.७ आणि फरक ३.९. थर्मामीटर दोन्हीकडे एकच आकडा दाखवतोय, पण वाफेला बाहेर ओढणारं बळ पुण्यात पावणेदोन पट आहे. पुण्यात सराव करून गेलेल्या माणसाचा गोव्यात दम का निघतो, त्याचं मोठं कारण इथे आहे. आणखी एक गंमत बघा. पहाटे २५ अंश आणि ९५ टक्के आर्द्रता म्हणजे बाष्पदाब ३.० किलोपास्कल, दुपारी ३२ अंश आणि ६५ टक्के म्हणजे ३.१. ॲपवर आर्द्रता तीस टक्क्यांनी उतरलेली दिसते, हवेतलं बाष्प मात्र तसूभरही हटलेलं नसतं. दुपारी आर्द्रता कमी झाली म्हणून घाम लवकर वाळेल, हा हिशेब चुकीचा.

आता थराची जाडी. वारा तो थर पातळ करतो, आणि वाफ नेण्याची हवेची क्षमता ढोबळमानाने वेगाच्या ०.६ व्या घाताने वाढते. सायकलवर ताशी ३० किलोमीटर आणि धावताना १०, म्हणजे वेग तिप्पट आणि क्षमता साधारण १.९ पट. अंगाचं क्षेत्रफळ १.८ चौरस मीटर धरलं, अंग पूर्ण ओलं आणि उघडं मानलं, दाबातला फरक वरचाच २.२ घेतला आणि वारा पडलेला धरला, तर सायकलवर बाष्पीभवनाने जास्तीत जास्त १,९०० वॅट निघू शकतात; धावताना सुमारे १,०००. सायकलवर आपल्याला साडेपाचशे काढायचे असतात. धावताना आठशे, शिवाय डोक्यावरच्या उन्हाचे शंभर-दीडशे वेगळे. म्हणजे सायकलवर तिपटीहून जास्त वाव, आणि धावताना जेमतेम काठावर, तेही अंगावर कापड नाही असं गृहीत धरून. त्यात ताशी १० किलोमीटरचा वारा पाठीमागून आला तर आपल्या भोवतीची हवा आपल्याच बरोबर चालत राहते. हातापायांच्या हालचालीने जेवढी ढवळली जाईल तेवढीच.

सायकलवर नव्वद किलोमीटर अंग कोरडं वाटतं आणि टी-टूमध्ये पाय टेकल्याबरोबर पाण्याच्या धारा लागतात, त्याचं कोडं इथे उलगडतं. ‘ऊन चढलं’ असं सगळे म्हणतात. घाम सायकलवरही भरपूर येतच होता, वारा तो येईल तसा उचलत होता. टी-टूमध्ये तो वारा संपतो.

मग कपड्यांचं काय? सपाट रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरला सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, फडफडणारा शर्ट तिथे महाग पडतो. थंड होण्याची तिथे ददात नाही, म्हणून ट्रायसूट, म्हणजे तिन्ही टप्प्यांत अंगावर ठेवायचा अंगाबरोबर बसणारा पोशाख, परवडतो. धावताना चित्र उलटं. हवेचा अडथळा नगण्य आणि वाफेची तंगी. अंगाला घट्ट चिकटलेलं कापड म्हणजे वाफेच्या वाटेत आणखी एक अडसर. घाम कापडाच्या बाहेरच्या बाजूला जाऊन सुकला तर त्यासाठी लागणाऱ्या उष्णतेचा काही भाग त्वचेऐवजी बाहेरच्या हवेतून येतो, आणि तेवढा फायदा हातचा जातो. सैल, जाळीदार सिंगलेट (धावण्याची बिनबाह्यांची बनियन) दर पावलाला हलते आणि आतली दमट हवा बाहेर ढकलते. म्हणून मी म्हणतो, गोव्यात सात तासांच्या आसपास पोचणाऱ्यांनी टी-टूमध्ये वरचा कपडा बदलावा. दोन मिनिटं जातील. सात तासांत ती अर्धा टक्काही नाहीत. चार-साडेचार तासांत संपवणाऱ्यांची गोष्ट वेगळी, त्यांना एकेक सेकंद मोजायचा असतो. खालची चड्डी बदलायची गरज नाही, ट्रायसूटची बसायच्या जागची गादी पातळ असते आणि लवकर वाळते.

इथे एक घोटाळा टाळावा. कोरडी सिंगलेट घातल्यावर जे सुख वाटतं ते खरं, पण ती थंड करत नाही. भिजेपर्यंत उलट थोडी गरमच वाटेल. आपल्याला सैलपणा हवा आहे, कोरडेपणा नव्हे. टी-टूच्या कपडे बदलायच्या तंबूतून बाहेर पडताच तिच्यावर पाणी ओतावं. उन्हाचंही तसंच. भर दुपारी एका चौरस मीटरवर हजार वॅटच्या आसपास ऊन पडतं, त्यामुळे ‘कमी कपडे म्हणजे जास्त थंड’ हे सावलीत खरं, उघड्या रस्त्यावर नाही. हवाईतल्या कोना या गावच्या शर्यतीत काळ्या लाव्हाच्या पठारातून धावणारे कित्येक जण हातांवर पांढऱ्या, पातळ बाह्या चढवून त्या सतत ओल्या ठेवतात, ते याच हिशेबाने.

आता प्रत्यक्ष तंबूत. ओल्या अंगावर घट्ट शर्ट चढवायला गेलात की तो काखेखाली गुंडाळतो आणि दोरीसारखा अडकून बसतो. त्वचा आणि कापड यांच्यामध्ये पाण्याचे असंख्य सूक्ष्म पूल तयार होतात आणि पृष्ठताण त्या दोघांना एकमेकांकडे खेचतो. हात मागे नेऊन ओढत राहिलं तर गुंडाळी आणखी घट्ट होते. उपाय साधा आहे: सिंगलेट घरीच खालून गळ्यापर्यंत गोळा करून पिशवीत ठेवावी, आधी डोकं आणि हात घालावेत आणि मग ती खाली उलगडत आणावी. मोज्यांचंही तेच. टाचेपर्यंत उलटून ठेवलेला मोजा ओल्या पायावर सरकवावा लागत नाही, पावलावर उलगडतो. बोटांच्या बेचक्या आधी पुसून घ्याव्यात. ओली त्वचा मऊ पडते, तिचं घर्षण वाढतं, आणि फोड येतो तो वरवर घासल्यामुळे कमी आणि त्वचेचे आतले थर एकमेकांवर सरकल्यामुळे जास्त. डोक्यावर पाणी ओतताना कमरेत वाकून ओतावं, सरळ उभं राहून ओतलेलं पाणी मांड्यांवरून थेट बुटात जातं. जांघेत, काखेत आणि स्तनाग्रांवर व्हॅसलीन सकाळीच लावावं. एकदा काचायला लागलं की समुद्राचं आणि घामाचं मीठ उरलेल्या अंतरात काय करतं, ते ज्याला झालंय त्याला विचारा.

शर्यतीच्या आदल्या दिवशीच्या बाजारात मनगटात घालायचे चुंबकाचे आणि टायटॅनियमचे कडे मिळतात, ‘रक्ताभिसरण सुधारतं’ म्हणून. त्याला आधार नाही. ‘आयन’वाल्या थंड कापडाची जाहिरात वाचताना एकच प्रश्न विचारावा: उष्णता कुठे गेली? कापड ती गिळू शकत नाही. वाफ होऊन गेली असेल तर ते काम घामाने केलं.

हेच भौतिकशास्त्र थंडीत उलटं फिरतं. नॉर्वेत नॉर्समन नावाची शर्यत होते. तिथे स्पर्धक पहाटे फेरीबोटीवरून हार्डांगर फियोर्ड या समुद्राच्या खाडीच्या पाण्यात उडी मारतात, आइडफियोर्डला किनाऱ्याला लागतात, सायकलने हार्डांगरविद्दाच्या उजाड पठारावर चढतात आणि त्यांतले आघाडीचे शेवटी पायी गाउस्टाटोपन या १,८०० मीटरहून उंच शिखरावर पोचतात. पाण्यात वेटसूट असतो. त्याच्या निओप्रीन नावाच्या रबरामधले वायूचे बारीक बुडबुडे उष्णता अडवतात. (आयर्नमॅनच्या हौशी गटात पाणी २४.५ अंशांपेक्षा गरम असेल तर वेटसूट घालून बक्षिसाला पात्र राहता येत नाही, त्यामुळे गोव्याच्या कोमट समुद्रात हा प्रश्नच येत नाही.) पण तिथली खरी परीक्षा टी-वनला. ओल्या ट्रायसूटवर जॅकेट चढवून सायकलवर बसलात, तर कापडात उरलेलं १०० मिलिलिटर पाणी वाऱ्यावर सुकताना तोच एक अंश तुमच्याकडून वसूल करतं, आणि इथे तो द्यायची तुमची ऐपत नसते. तिथे अंग खसखसून पुसावं, आतले कपडेही कोरडे घालावेत आणि त्यासाठी दहा मिनिटं गेली तर जाऊ द्यावीत.

पूर्ण आयर्नमॅनला चौदा-पंधरा तास लागणार असतील तर ही नॉर्वेची थंडी गरम गावातही थोडी भेटते. सूर्य मावळलेला, मॅरेथॉनचे शेवटचे दहा-बारा किलोमीटर, धावणं संपून चालणं सुरू झालेलं. अंगातली उष्णता आठशे वॅटवरून तीनशेच्या घरात उतरते, आणि दुपारी जीव वाचवणारी ती ओली सिंगलेट बाष्पीभवन चालूच ठेवते. दात वाजायला लागतात. धावण्याच्या मार्गात मधे स्वतःची पिशवी मिळण्याची सोय जिथे असते, तिथे तिच्यात जेल आणि खारे दाणे सगळेच ठेवतात. त्यांच्याबरोबर पूर्ण बाह्यांचा एक कोरडा, पातळ टी-शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावा, आणि तो घालण्याआधी ओली सिंगलेट काढून टाकावी.