पस्तिसावा हिस्सा: आपल्याच रणगाड्याच्या प्रतिकृतीमागची पार्श्वभूमी

निवृत्त फौजीच्या शोकेसमध्ये पितळेचा रणगाडा असतोच. निरोपाच्या दिवशी मिळालेला, खाली नावाची पट्टी, तोफ अंगापेक्षा जाड. चाकं मोजायला जाऊ नये. इथे विषय तो नाही. ज्या गाडीत उमेदीची वर्षं गेली तीच गाडी प्लास्टिकचे दोन-तीनशे तुकडे घासून, चिकटवून, रंगवून टेबलावर उभी करायची, हा उद्योग वेगळा. गोव्यात फोंड्याकडे माझ्या माहितीत असे दोघे आहेत आणि मापावरून दोघांचं वर्षानुवर्षं पटलेलं नाही.

‘गाडी’ हा शब्द त्यांचाच. रणगाडा म्हणतो तो वर्तमानपत्र वाचणारा. आत बसणारा टँक म्हणतो, नाहीतर नुसतं गाडी. घोडे गेले, तरी घोडदळाचे सवार, दफेदार, रिसालदार हे हुद्दे तसेच राहिले, हेही या घरांत गेल्यावरच आपल्या लक्षात येतं.

रणगाडा पहिल्यांदा लढाईत उतरला १९१६ साली. दुसऱ्या महायुद्धात आपला कोण आणि शत्रूचा कोण हे सैनिकांना दुरून ओळखता यावं म्हणून छोट्या प्रतिकृती शिकवणीत वापरल्या गेल्या. छंद म्हणून डब्यातला रणगाडा घराघरांत गेला तो मात्र १९६० नंतर, आणि खरी गुंतागुंत तिथूनच सुरू होते.

गुंतागुंत मापाची. १:७२ला, म्हणजे मूळच्या बहात्तराव्या हिश्शाला, हिशेब आहे: सहा फुटांचा एक इंच. १:४८लाही आहे: एका फुटाचा पाव इंच. १:३५ला काही म्हणजे काही हिशेब नाही, इंचात नाही की मीटरमध्ये नाही. तरीही जगभर रणगाड्यांच्या प्रतिकृतींचं सगळ्यांत चालणारं माप तेच. १९६१च्या सुमारास जपानमधल्या शिझुओकाच्या एका कंपनीने जर्मन पँथर रणगाड्याचा मोटरवर चालणारा संच काढला. पोटात मोटर आणि दोन बॅटऱ्या बसतील एवढं धूड हवं होतं, म्हणून तेवढं केलं. तो संच खपला. मग त्याच आकारात इतर देशांचे रणगाडे काढावेत असं ठरलं, तेव्हा पँथर मोजून पाहिला; तो मूळच्या साधारण पस्तिसाव्या हिश्शाचा निघाला. पुढे कंपनीच्या प्रमुखानेच ही हकिकत लिहून ठेवली आहे. म्हणजे आज लोक ज्या मापासाठी हमरीतुमरीवर येतात ते बॅटरीने ठरवलं. (त्याच १९६१च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. संबंध काही नाही, पण आमच्याकडे साल लक्षात राहतं ते त्यामुळे.)

मोटर गेली, बॅटऱ्या गेल्या, पोकळी राहिली. बहुतेक संचांत अजूनही बाहेरचं सगळं असतं, दोरखंडापासून हेडलाइटच्या जाळीपर्यंत, आणि आत काहीच नसतं. चित्रं पाहून प्रतिकृती करणाऱ्याचं त्यावाचून अडत नाही. पण ज्याने नोकरी आत बसून केली त्याला गाडीचं बाहेरचं रूप दिसायचं ते धुताना. त्याच्या आठवणीतली गाडी आतली असते.

आता त्या दोघांचं भांडण. एक टी-७२ रणगाड्याचा ड्रायव्हर, त्याचं मत १:७२. तोफेसकट साडेनऊ मीटरची गाडी १:३५मध्ये सत्तावीस सेंटिमीटर भरते, १:७२मध्ये तेरा. तेरा सेंटिमीटरला देवघराशेजारीही जागा मिळते. दुसरा विजयंता रणगाड्याचा लोडर, म्हणजे तोफेत गोळा भरणारा; तो पस्तीसवरून हटत नाही. टी-७२च्या तोफेचं १२५ मिलिमीटरचं तोंड पस्तिसात साडेतीन मिलिमीटर उरतं, बहात्तरात पावणेदोन; माणूस पाच सेंटिमीटर, नाहीतर अडीचही नाही. ‘तुझी गाडी बाहेरून बघायची, बाब, माझी आतून,’ असं तो ड्रायव्हरला सुनावतो. मला विचाराल तर लोडरचं बरोबर आहे.

यात एक सल आहे. विजयंता ब्रिटिश आराखड्यावरचा, १९६५पासून चेन्नईजवळ आवडी या गावी बनलेला, १०५ मिलिमीटर तोफेचा, चार माणसांचा. टी-७२मध्ये गोळा यंत्र भरतं; माणसं तीन, लोडर नाहीच. १९८०च्या दशकात रेजिमेंटमागून रेजिमेंट टी-७२वर गेली तशी ती जागाच संपत गेली. (अर्जुन या नंतरच्या देशी रणगाड्यात चौथा माणूस परत आला, हे लोडर मुद्दाम सांगतो.) टी-७२ कितीतरी देशांनी वापरला, त्यामुळे त्याचे डबे हवे तितके मिळतात. विजयंता आपल्यापुरताच. त्याचा डबा आमच्या बाजूच्या एकाही दुकानात मी पाहिलेला नाही. मग प्लास्टिकची शीट कापायची, चाकं दुसऱ्या संचातली घ्यायची, आणि शंका आली की टेप घेऊन नगरचं टँक म्युझियम गाठायचं. विमानं बघायला बोगमाळोचं नौदलाचं विमान-संग्रहालय पुरतं. रणगाड्यासाठी घाट चढावाच लागतो.

गोव्यात आणखी एक अडचण हवेची. जूनपासून सुपरग्लू सांध्याभोवती पांढरी भुकटी सोडतो, फवारलेला लॅकर दुधाळ होतो. म्हणून रंगकाम चवथ (गणेशचतुर्थी) उलटल्यावर, शिगम्यापर्यंत (होळीपर्यंत). पावसाळ्यात नुसतं कापायचं आणि घासायचं. एरियलसाठी स्प्रूचा, म्हणजे संचातले सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या काडीला जोडलेले असतात तिचा, तुकडा मेणबत्तीवर धरून ओढला की केसाएवढी तार निघते. हे काम पाऊस कोसळत असतानाही होतं.

गेल्या पावसाळ्यात लोडरने टरेटच्या (तोफ बसवलेल्या फिरत्या बुरुजाच्या) आत डावीकडे स्वतःची जागा केली. बांबूच्या सळीचे तीन मिलिमीटर जाडीचे तुकडे, टोकं तासलेली, पितळी रंगाचे: ते गोळे. मागे रेडिओ, खाली पाय ठेवायची फळी. वरचं झाकण उघडं ठेवलं तरी यातलं फार तर दोन गोळ्यांची टोकं दिसतील. टरेटचं छत त्याने अजून चिकटवलेलं नाही.