नकाराची मुभा आणि नकाराचा हक्क

'गर्भपात करायचा की नाही हे डॉक्टरच्या विवेकावर असतं, कायद्यानंच तसा हक्क दिलाय.' नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेत वैद्यकीय खटल्यांच्या कामानं फिरताना हे वाक्य इतक्यांदा कानावर येतं की आता वाद घालायचाही कंटाळा येतो. डॉक्टर म्हणतात, नर्सिंगच्या मुली म्हणतात, आमच्या बारमधले वकीलही म्हणतात. हक्क दिलाय हे खरं, पण तो अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये. तिकडचा लेख कोणीतरी व्हॉट्सॲपवर ढकलतो आणि नागपुरात तो आपला कायदा होऊन बसतो.

आपला १९७१ चा एमटीपी (म्हणजे वैद्यकीय गर्भपाताचा) कायदा बहुतेकांना माहीत आहे, म्हणून भरभर. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ मध्ये नियमांत सांगितलेल्या गटांतल्या स्त्रियांसाठी दोघांचं लागतं. त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तर मेडिकल बोर्ड. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरे. तरीही काउंटरवरची मुलगी फाइल परत सरकवत 'मिस्टरांची सही आणा' म्हणतेच. ही सही कायद्यात कुठेही नाही, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही डॉक्टरांनी असल्या जादा अटी लावू नयेत असं सांगितलं आहे. सोनोग्राफी सेंटरवरची पाटी लिंगनिदानाबद्दल आहे, गर्भपाताबद्दल नाही. आणि दवाखान्याला एमटीपीची मान्यताच नसेल तर तिथला नकार हा नाइलाज आहे, त्यात विवेक आणू नका.

आता मूळ घोळाकडे.

अमेरिकेत १९७३ मध्ये गर्भपाताचा हक्क मान्य करणारा रो विरुद्ध वेड निकाल आला आणि त्याच वर्षी तिथल्या संसदेनं, म्हणजे काँग्रेसनं, 'चर्च दुरुस्ती' केली. (हे नाव आयडाहोचे सिनेटर फ्रँक चर्च यांचं, गिरजाघराचं नव्हे.) त्याआधी मोंटानात एका कॅथलिक रुग्णालयाला नसबंदीची शस्त्रक्रिया होऊ देण्याचा आदेश कोर्टानं दिला होता, त्याची ही प्रतिक्रिया. ही दुरुस्ती म्हणते : ठरावीक सरकारी निधी घेणाऱ्या संस्थेनं, धर्म किंवा नीतीच्या कारणानं गर्भपातात भाग न घेणाऱ्या डॉक्टरला वा कर्मचाऱ्याला कामावरून काढायचं नाही, बढती अडवायची नाही. याच कायद्यात जो गर्भपात करतो त्यालाही तेवढंच संरक्षण आहे. हे मात्र व्हॉट्सॲपवर येत नाही. ब्रिटनच्या १९६७ च्या गर्भपात कायद्यातलं कलम ४ याच जातीचं. पण २०१४ मध्ये ग्लासगोच्या दोन सुईणींच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं त्याला कुंपण घातलं : प्रत्यक्ष हात लागतो त्या कामाला नकार देता येईल, इतर नर्सची ड्यूटी लावणं आणि देखरेख करणं टाळता येणार नाही.

या कायद्यांत डॉक्टरच्या समोर कोण उभं आहे ते बघा. पेशंट नाही, नोकरी देणारा आहे. हक्क म्हणजे मालकाचे हात बांधणं. तुम्ही 'नाही' म्हणालात तरी तुमचं कोणी काही वाकडं करू शकत नाही, याची लेखी हमी.

आपल्याकडे काय आहे? मुभा. आपला कायदा ठरावीक अटींत गर्भपात 'करता येईल' म्हणतो, 'केलाच पाहिजे' म्हणत नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसारही तातडीची वेळ सोडली तर येईल त्या प्रत्येक पेशंटला घेण्याची सक्ती डॉक्टरवर नाही. रामदासपेठेत स्वतःचा दवाखाना असलेल्या मॅडम एमटीपी करत नाहीत, तर कोणी त्यांना ओढून थिएटरात नेत नाही. इथवर सगळं अमेरिकेसारखंच दिसतं, म्हणून माणसं फसतात. पण याच मॅडम उद्या एखाद्या मोठ्या हॉस्पिटलात पगारावर लागल्या आणि व्यवस्थापनानं एमटीपीची लिस्ट हातात दिली, तर आचारसंहितेतली मुभा दाखवून नोकरी वाचवता येईल असं कलम एमटीपी कायद्यात नाही. नागपूरच्या मेडिकल, मेयो किंवा डागा रुग्णालयात सरकारी नोकरीत असाल तरी तेच.

उलट त्याच आचारसंहितेचा नियम ७.१५ काढून वाचा. वैद्यकीय गरज असताना केवळ धार्मिक कारणावरून नसबंदी, संततिनियमन, सुंता किंवा गर्भपात यांत मदत नाकारायची नाही. अपवाद एकच, त्या कामात आपण सक्षम नाही असं डॉक्टरला वाटणं. आणि हा नियम गैरवर्तनाच्या प्रकरणात बसवलाय. म्हणजे तिकडे जे कारण ढाल ठरतं, ते इकडे मेडिकल कौन्सिलपुढची तक्रार ठरू शकतं. आचारसंहितेचे २०२३ चे नवे नियम त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्थगित होऊन २००२ चेच पुन्हा लागू झाले, तेव्हा 'ते आता जुनं झालं' हेही सांगू नका.

कोणी हुशार माणूस एमटीपी कायद्याचं कलम ८ पुढे करतो : 'सद्‌हेतूनं वागणाऱ्या डॉक्टरला संरक्षण आहे ना!' आहे, पण या कायद्याखाली केलेल्या किंवा करू पाहिलेल्या कामाला. आपला कायदा जन्मला तोच गर्भपात करणाऱ्या डॉक्टरला, गर्भपात गुन्हा ठरवणाऱ्या दंड संहितेच्या कलम ३१२ पासून, म्हणजे आताच्या न्याय संहितेच्या कलम ८८ पासून, वाचवायला. राहिलं घटनेचं कलम २५. त्यात विवेकाचं स्वातंत्र्य जरूर आहे, पण पहिल्याच ओळीत ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन ठेवलंय. ज्यांना ही तरतूद हवी त्यांनी ती संसदेकडे मागावी. ती मागणी मी ऐकून घेईन. नसलेलं कलम पेशंटच्या तोंडावर फेकणं मला मुळीच मान्य नाही.

जिवावर बेतलेली बाई समोर असेल तर ब्रिटनचं कलम ४ सुद्धा बाजूला होतं. आपल्याकडे एमटीपी कायद्याच्या कलम ५ खाली जीव वाचवायला आठवड्यांची आणि दुसऱ्या मताची अट गळून पडते, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या परमानंद कटारा निकालानं १९८९ पासूनच प्रत्येक डॉक्टरला तातडीच्या उपचाराला बांधलेलं आहे.

माझा खरा राग 'पुढच्या आठवड्यात बघू'वर आहे. स्पष्ट नाही म्हणायचं नाही, आणखी एक सोनोग्राफी सांगायची, आणि बालाघाटहून नाही तर गोंदियाहून एसटीनं आलेल्या बाईचा अठरावा आठवडा एकविसावा करून ठेवायचा. करायचं नसेल तर पहिल्याच भेटीत सांगा, आणि कुठे होईल तेही सांगा.

नर्सिंगच्या मुली विचारतात, 'सर, आम्ही एमटीपीची ट्रॉली लावायला नाही म्हटलं तर?' ७.१५ डॉक्टरांसाठी आहे, तुमच्यासाठी नाही. तुम्हाला रोखणारा तो नियम नाही, आणि एमटीपी कायद्यात तुम्हाला वाचवणारं कलमही नाही. मेट्रनकडे (मुख्य नर्सकडे) ड्यूटी बदलून मिळण्याचा अर्ज द्या, तोही लिस्ट लागायच्या आधी, आणि पोच घ्या. मेट्रन मान्य करेल किंवा करणार नाही.