उस्ताद, खोली आणि उलटी तयारी

नोव्हेंबरात पणजीत इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला की गुन्हेगारीपटांना हमखास रांग लागते. त्यातलं एक कथानक कुठल्याही देशाचं असलं तरी ओळखीचं वाटतं: मुरलेला उस्ताद, धंद्यात नवा आलेला पोरगा, कोंदट खोली, हेरॉइनची पहिली सुई. पुढे एका रात्री मात्रा जास्त होते, पोरगा हातपाय झाडतो, कुणीतरी थेट हृदयात सुई खुपसतं आणि तो ताडकन उठून बसतो. हे दृश्य शरीरशास्त्राला धरून नाही, आणि ते खरं मानल्याने माणसाचा जीव जाऊ शकतो.

हेरॉइन रक्तात गेल्यावर काही मिनिटांत त्याचं मॉर्फिनमध्ये रूपांतर होऊ लागतं. ते 'म्यू' नावाच्या ग्राहींवर, म्हणजे पेशींवरच्या औषध जाऊन बसण्याच्या जागांवर, बसतं. हे ग्राही मेंदूच्या सुखकेंद्रांत असतात, तसेच मेंदूच्या देठात, श्वासाचा ठेका धरणाऱ्या पेशींवरही असतात. एरवी रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की या पेशी आपल्याला श्वास घ्यायला भाग पाडतात. मॉर्फिन त्यांना बधिर करतं. म्हणून अतिमात्रेचा मृत्यू बहुतेकदा शांत असतो. माणूस झोपल्यासारखा दिसतो, घशातून घोरण्यासारखी घरघर येते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, ओठ निळसर पडतात. आधी श्वास थांबतो, हृदय त्याच्यामागून.

मग मुरलेला गर्दुल्ला नवख्याला मारून टाकेल एवढी मात्रा पचवतो कशी? एक कारण पेशींतलं. ग्राही सतत दाबले गेले की पेशी त्यांचं ऐकणं कमी करते आणि आतली रासायनिक यंत्रणा उलट्या दिशेने जोरात चालवते. औषध थांबलं की तो उलटा जोर मोकळा सुटतो. टर्की म्हणतात ती हीच. बद्धकोष्ठाच्या जागी जुलाब, बारीक बाहुल्यांच्या जागी विस्फारलेल्या, गुंगीच्या जागी जागरण, आणि अंगभर काटा.

दुसरं कारण मात्र खोलीत आणि उस्तादात असतं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात शेपर्ड सीगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली उंदरांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. काही उंदरांना एका खोलीत हेरॉइन आणि वेगळ्या खोलीत नुसतं साखरेचं द्रावण, असं आलटून पालटून टोचलं. हेरॉइनची मात्रा हळूहळू चढवत नेली. शेवटी सगळ्यांना एकच मोठी मात्रा दिली. आधी हेरॉइन कधीच न मिळालेल्या उंदरांपैकी सुमारे ९६ टक्के मेले. सरावलेल्यांना नेहमीच्या खोलीत ती मात्रा दिली तेव्हा सुमारे ३२ टक्के मेले. तितक्याच सरावलेल्यांना दुसऱ्या खोलीत दिली तेव्हा सुमारे ६४ टक्के. फरक फक्त जागेचा होता.

पावलॉव्हचा कुत्रा घंटा ऐकून लाळ गाळायचा, हे शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. शरीर इथेही तसंच शिकतं, पण औषधाच्या विरुद्ध दिशेने. ओळखीची खोली, वास, सुई बघितली की औषध येण्याआधीच त्याला तोंड देण्याची तयारी सुरू होते. नव्या जागी ही खूण नसते, तयारी होत नाही, आणि कालची मात्रा आज जीवघेणी ठरते. पडद्यावरच्या पोराला पहिली सुई देणारा उस्ताद हीसुद्धा अशीच एक खूण असते. त्याचा आवाज कानावर पडताच शरीर उलटी तयारी करतं, औषध मात्र आलेलं नसतं, म्हणून छोटी टर्की जाणवते आणि तलफ उसळते. उपचार घेऊन महिनोन्महिने बरा राहिलेला माणूस जुन्या गल्लीत पाऊल ठेवताच हादरतो, त्यामागचं एक मोठं कारण हे.

पणजीत जुन्या सचिवालयाजवळ कांदोळीच्या आबे फारियांचा पुतळा आहे. संमोहनाची शक्ती संमोहकाच्या हातातून वाहत नाही, ती समोरच्याच्या मनातून येते, असं त्यांनी दोनशे वर्षांपूर्वी ठामपणे मांडलं. तेव्हाचे लोक संमोहकाकडून चुंबकी द्रव वाहतो असं मानत. उस्तादाची पकडही अशीच, शिकलेल्या शरीराच्या आतूनच येते; तरी बाहेरच्या जादूवरचा भरवसा सुटत नाही. आज 'पिणाऱ्याच्या नकळत चहात घाला' असं सांगणारी नशामुक्तीची चूर्णं विकली जातात. आत काय आहे ते सांगत नाहीत, आणि ज्याला द्यायचं त्याची संमतीही विचारत नाहीत. अशा पुड्या घेऊ नयेत. देवापुढे शपथ घ्यायला हरकत नाही, पण शपथेने म्यू ग्राही बदलत नाहीत. फेणी किंवा दुसरी दारू रोज भरपूर पिणाऱ्याने तर घरच्या घरी एकदम बंद करणं धोक्याचं. झटके येऊ शकतात, दोन-चार दिवसांत वाताचा भ्रम होऊ शकतो आणि त्यात मृत्यूही येतो. हेरॉइनची टर्की याउलट अतिशय क्लेशदायक, पण सहसा प्राणघातक नसते.

नॅलोक्झोन हे अतिमात्रेवरचं खरं औषध. ते म्यू ग्राहीला मॉर्फिनपेक्षा घट्ट चिकटतं, त्याला ढकलून जागा घेतं, पण ग्राही चालू करत नाही. स्नायूत, शिरेत किंवा नाकातून देतात, हृदयात नाही. त्याचा असर ३० ते ९० मिनिटं टिकतो, अफूवर्गीय औषधाचा त्याहून जास्त वेळ टिकू शकतो, म्हणून उठून बसलेला माणूस पुन्हा झोपू शकतो. समोर कुणी असा पडला तर १०८ ला फोन करावा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवावं, म्हणजे उलटी घशात जाणार नाही. थांबला असेल तर मान मागे करून, नाक दाबून, दर पाच सेकंदांनी एक श्वास तोंडाने द्यावा, रुग्णवाहिका येईपर्यंत.